स्क्रूला हात लावण्याआधी

गेल्या आठवड्यात एका कोर्समेटचा फोन आला. एनडीएत आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. आता तो निवृत्त होऊन नाशिकला राहतो. त्याच्याकडे अजून २००४ सालची पेट्रोल गाडी आहे आणि ती विकायची त्याची तयारी नाही.

"अरे, सिग्नलला थांबलो की काटा खाली खाली जातो आणि गाडी बंद पडते. गॅरेजवाला म्हणतोय, आयडल थोडा वाढवून देतो, दोन मिनिटांचं काम आहे, पैसेही नकोत. देऊ का करायला?"

"नको," मी म्हटलं. ते इतक्या जोरात निघालं की पलीकडे दोन क्षण शांतता पसरली. मग तो हसला. "एवढ्याशा स्क्रूसाठी कमांडिंग ऑफिसरचा आवाज?"

फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. आपल्यापैकी अनेकांच्या दारात अशा गाड्या अजून उभ्या आहेत, आणि त्या स्क्रूशी माझा एक जुना हिशोबही आहे.

आधी हे सांगतो, की आयडल म्हणजे स्क्रूने ठरवायची गोष्ट, हा समज आमच्या पिढीत आला कुठून. माझ्या आप्पांकडे बजाज स्कूटर होती. रविवारी सकाळी ती अंगणात काढून, साइड कव्हर उघडून, ते कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आणि कान देऊन ऐकत. इंजिनाचा सूर लागला की स्क्रू ड्रायव्हर खिशात. ते बरोबरच होतं. कार्ब्युरेटरला मेंदू नसतो. पावसाळा आला, हवा बदलली, जेट थोडा चोंदला, तर माणसानेच ऐकून जुळवून घ्यायचं. तो स्क्रू दिलेलाच त्यासाठी असे.

मग काळ बदलला. १९९९ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरासाठी युरो-१ आणि युरो-२ च्या तारखा ठरवून दिल्या, आणि २००० सालापासून आपल्याकडच्या साध्या पेट्रोल गाड्यांतही इंजेक्शन आलं. मागच्या काचेवर 'एमपीएफआय' असं अभिमानाने चिकटवलेलं असायचं. गाड्या बदलल्या, पण आपला हात स्कूटरच्याच सवयीचा राहिला. बॉनेट उघडलं, थ्रॉटलच्या बाजूला एक स्क्रू दिसला, की बोटं वळवळतात.

माझीही वळवळली होती.

२०१२ साली मी वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजच्या कोर्सवर होतो. निलगिरीतली ती छावणी सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. सगळे रस्ते चढ-उताराचे, एका बाजूला चहाचे मळे, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा. आमच्याकडे २००३ सालची एस्टीम होती, सेकंड हँड घेतलेली, तीन पोस्टिंग आमच्यासोबत फिरलेली. ऑक्टोबरमध्ये ती थांबल्यावर बंद पडायला लागली. मी एका गॅरेजमध्ये नेली. संध्याकाळची वेळ, इंजिन गरम. कारागिराने रंग लावून बंद केलेला स्क्रू पकडीने मोकळा केला, थोडा आत घेतला, काटा साधारण ११०० वर आला, आणि गाडी बंद पडायची थांबली. मी खूश. 'अजून थोडा वाढवा, थंडी येतेय,' असंही मीच म्हणालो. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

कोर्सवर असताना गाडी मी क्वचितच चालवत असे, तीही संध्याकाळी. रोज सकाळी साडेसातला मुलीला शाळेत सोडायला माझी बायको ती काढायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "गाडी पुढे ओढतेय. उतारावर पाय काढला तरी थांबायचं नाव घेत नाही."

मी संध्याकाळी एक चक्कर मारून आलो. मला काही जाणवलं नाही. "नॉर्मल आहे," मी म्हटलं. "आयडल थोडा जास्त आहे, सवय होईल."

ती आणखी दोनदा बोलली. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं.

नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो. एका सकाळी ओल्या उतारावर, वळणाच्या तोंडाशी तिने ब्रेक दाबला, चाकं घसरली, मागून इंजिन ढकलतच होतं, आणि गाडीचा डावा कोपरा कठड्यावर गेला. मुलीच्या कपाळाला टेंगूळ आलं. बायकोचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. कठडा नसता तर काय झालं असतं, ते मी त्या रात्री बराच वेळ खिडकीतून बघत बसलो होतो. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर कोणीतरी मला ईएमईतून निवृत्त झालेल्या एका तमिळ सुभेदार साहेबांकडे पाठवलं. त्यांचं घराच्या मागे छोटं शेड होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "साब, मेमसाब गाडी कितने बजे निकालती है?"

"साडेसात."

"तो मैं सुबह छह बजे आऊँगा. बीमारी सुबह की है, तो डॉक्टर शाम को क्यों आएगा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या गाडीला त्यांनी किल्ली लावली. काटा २००० च्या वर गेला आणि तिथेच उभा राहिला. मी पाहतच राहिलो. संध्याकाळी मी तपासली तेव्हा हीच गाडी ११००-१२०० वर गुरगुरत होती.

आता यामागचं गणित, जे तेव्हा मला माहीत असायला हवं होतं.

इंजेक्शनच्या गाडीत पाय पेडलवरून काढला की थ्रॉटलची तबकडी जवळजवळ पूर्ण बंद होते. इंजिनाला जिवंत राहायला लागणारी हवा बाजूच्या एका छोट्या वाटेने येते. त्या वाटेवर एक झडप असते, आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि ती गाडीचा कॉम्प्युटर उघडझाप करतो. इंजिन थंड असलं की झडप जास्त उघडी, काटा वर. पाणी तापत गेलं की झडप मिटत जाते आणि काटा खाली येऊन बहुतेक गाड्यांत ७५० ते ९०० च्या दरम्यान बसतो. एसी लावला, हेडलाइट लावले, इंजिनावर भार आला, की झडप पुन्हा थोडी उघडते. म्हणजे आयडल ही कोणी एकदा ठरवून ठेवलेली गोष्ट नाही. तो कॉम्प्युटर दर क्षणी तो सांभाळत असतो.

आपण थ्रॉटलचा स्क्रू फिरवतो तेव्हा तबकडी थोडी उघडी राहते, म्हणजे कॉम्प्युटरला न विचारता आपण दुसरं दार उघडून ठेवतो. तो बिचारा आपलं दार मिटत जातो. पूर्ण मिटल्यावरही हवा जास्त असेल तर काटा वरच राहतो. हे झालं गरम इंजिनाचं. थंड इंजिनात तो त्याचं दार नेहमीसारखं सताड उघडतो आणि आपलं दार उघडं असतंच. दोन्हींची बेरीज होते. माझ्या बायकोची सकाळ आणि माझी संध्याकाळ यांत हाच फरक होता. आम्ही दोघं दोन वेगळ्या गाड्या चालवत होतो म्हणा ना.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. गाडी गिअरमध्ये उताराला लागली आणि पाय पेडलवरून काढलेला असला, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. पेट्रोलचा थेंबही जात नाही आणि इंजिन गाडीला मागे खेचतं. घाटात आपण ज्या इंजिन ब्रेकिंगच्या भरवशावर असतो ते हेच. पण त्यासाठी 'थ्रॉटल बंद आहे' हे कॉम्प्युटरला कळावं लागतं, आणि ते त्याला थ्रॉटलवरचा सेन्सर सांगतो. स्क्रूने तबकडी उघडी ठेवली, तर अनेक गाड्यांत त्याला वाटतं की चालकाचा पाय अजून पेडलवर आहे. मग पेट्रोल चालू राहतं आणि उतारावर इंजिन खेचण्याऐवजी ढकलतं. "पाय काढला तरी थांबायचं नाव घेत नाही" हे बायकोचं वाक्य म्हणजे तंतोतंत निदान होतं. मी ते तक्रार म्हणून ऐकलं.

सुभेदार साहेबांनी एअर फिल्टरकडून येणारा रबरी नळ काढला, पांढऱ्या फडक्याचं टोक थ्रॉटलच्या आत फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. डांबर. इंजिनातून परत येणारी तेलकट वाफ वर्षानुवर्षं तबकडीच्या कडेला बसते आणि तिच्यात काजळी धरते. त्या बारीक फटीतून आणि झडपेच्या वाटेतून जाणारी हवा कोंडते. "इंजिन ठीक है साब. नाक बंद है," ते म्हणाले.

त्यांनी थ्रॉटल आणि झडप साफ केली. मग स्क्रू मागे घेतला, इतका की तबकडी पूर्ण बंद झाली. नंतर लिव्हरला जेमतेम टेकेल इतका परत आत घेतला, म्हणजे तबकडी भोकात अडकून बसणार नाही. मल्टिमीटरने सेन्सरचं व्होल्टेज पाहिलं आणि स्क्रूवर पुन्हा रंगाचा ठिपका लावला. इंजिन तापलं, पंखा एकदा लागून बंद झाला, आणि काटा कोणी हात न लावता आठशेच्या जवळ येऊन थांबला. ऑक्टोबरमध्ये अर्धा तास आणि एक फडकं लागलं असतं. आम्ही स्क्रू फिरवला, कारण त्याला दोन मिनिटं लागतात.

स्टाफ कॉलेजचं बोधवाक्य आहे 'युद्धं प्रज्ञया'. त्या कोर्समध्ये मी बरंच काही शिकलो, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला धडा शेडमध्ये मिळाला. तो असा, की तपासणी बहुतेक वेळा गरम इंजिनाची होते.

पुढे लडाखमध्ये युनिटची कमान माझ्याकडे आली. लेहसारख्या ३५०० मीटरच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, आणि हिवाळ्यात पहाटे शून्याखाली वीस हा आकडा कोणाला विशेष वाटत नाही. वाहनांची स्थिती मला रोज नऊ वाजता कागदावर मिळायची: सगळं ठीक. नऊ वाजेपर्यंत प्रत्येक इंजिन तापून तास झालेला असायचा. मी आठवड्यातून एकदा पहाटे साडेपाचला एमटी लाइनमध्ये जायला लागलो, न सांगता. पहिल्याच फेरीत एका जिप्सीचा काटा गरम झाल्यावरही खाली येईना. बॉनेट उघडलं, तर स्क्रूवरचा रंग फुटलेला. ड्रायव्हर ताठ उभा. मी विचारल्यावर म्हणाला, "साब, इंस्पेक्शन में बंद हो रही थी."

त्याला शिक्षा देता आली असती. पण त्याने केलं ते मी वेलिंग्टनला केलं होतं, आणि त्याच्यावर दबाव तर माझाच होता. आम्ही त्याच्याकडे आकडा मागितला, त्याने आकडा दिला. त्या जिप्सीचा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. पाणी पुरेसं तापतच नव्हतं, त्यामुळे कॉम्प्युटर बिचारा दिवसभर सकाळच समजत होता, आणि त्यावर स्क्रूची भर पडलेली. थर्मोस्टॅट बदलला, थ्रॉटल साफ केलं, स्क्रू जागेवर नेला. त्या दिवसापासून लाइनमध्ये एक नियम झाला: रंग लावलेल्या स्क्रूला हात लावायचा असेल तर आधी कारण लॉगबुकात लिहायचं. 'काटा कमी होता' हे कारण धरलं जाणार नाही.

माझं मत एवढंच आहे. कमी झालेला किंवा वाढलेला आयडल ही तक्रार आहे, आजार दुसरीकडे असतो. तापमापकाचा पारा झटकला म्हणून ताप उतरत नाही. आकडा जुळवून देणारा माणूस आपल्याला आवडतो, कारण तो लगेच आराम देतो. गॅरेजमध्ये, ऑफिसात, पलटणीत, घरात, सगळीकडे. आणि तो आराम ज्याच्या जिवावर मिळतो, तो माणूस बहुधा सकाळी साडेसातला उतारावर एकटा असतो.

याला उलट बाजूही आहे, ती झाकणार नाही. काफिल्यात, खिंडीत, अंधार पडत असताना गाडी पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर स्क्रू अर्धा फेरा फिरवून मुक्कामाला पोचणं हेच शहाणपण. जुगाडाला मी नावं ठेवत नाही, त्यावर आपल्या अर्ध्या मोहिमा निभावल्यात. पण किती फेरा फिरवला ते लिहून ठेवा, गाडी घेणाऱ्याला तोंडी सांगा, आणि मुक्कामाला पोचल्यावर स्क्रू परत जागेवर न्या. परत न नेलेला जुगाड पुढच्या माणसासाठी सापळा असतो.

आता ज्यांच्याकडे अशी जुनी, पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल असलेली इंजेक्शनची गाडी आहे, त्यांच्यासाठी क्रम सांगतो. याच क्रमाने जा.

पहिलं, इंजिन पूर्ण गरम करा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होऊ दे. एसी, दिवे, रेडिओ बंद. त्यानंतरचा काटा खरा. आणि एकदा रात्रभर उभ्या गाडीचाही पाहा. दोन्ही आकडे वहीत लिहा.

दुसरं, ॲक्सिलरेटरची केबल. तिला किंचित ढील हवी. ताणलेली केबल स्क्रूचंच काम करते आणि दोष भलत्यावर जातो.

तिसरं, काटा जास्त असेल किंवा वरखाली होत असेल, इंजिन धाप टाकल्यासारखं करत असेल, तर व्हॅक्यूमचे रबरी पाइप पाहा. वीस वर्षांत रबर तडकतं. सूं आवाज ऐका, एकेक पाइप चिमटीत दाबून काटा बदलतो का पाहा. ब्रेक बूस्टरकडे जाणारा जाड पाइप विसरू नका. तो फुटला असेल तर बिघाड आयडलपुरता राहत नाही, ब्रेकही दगडासारखा होतो. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर क्लीनरचा फवारा मारायची पद्धत आहे, ती घरी करू नका, तो पेट घेतो. आणि पट्टा, पंखा यांच्यापासून हात आणि बाही लांब.

चौथं, काटा कमी असेल तर साफसफाई. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. थ्रॉटलचा क्लीनर फडक्यावर घ्या, कोपऱ्यांना जुना टूथब्रश. खरवडायचं नाही. झडप काढलीत तर तिची सुई बोटाने दाबू नका. बॅटरी जोडल्यावर पेडलला पाय न लावता इंजिन काही मिनिटं तसंच चालू द्या, मग एसी लावून थोडा वेळ. काही गाड्यांत कॉम्प्युटर आपली जागा पुन्हा शिकतो. पहिला दिवस आयडल थोडा वेडावाकडा वाटला तर घाबरू नका.

पाचवं, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणि थर्मोस्टॅट. बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो. म्हणून काटा ठीक दिसतो आणि कॉम्प्युटर मात्र थंडीत कुडकुडत असतो. मल्टिमीटरवर साधारण २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास दिसावं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. याच फेरीत प्लग आणि बॅटरीही बघून घ्या.

एवढं झाल्यावरही आयडल जागेवर नसेल, आणि कंपनीने आयडलची हवा जुळवायला वेगळा स्क्रू दिला असेल, तर मॅन्युअलप्रमाणे तो फिरवा, फेरे मोजून. थ्रॉटलचा रंग लावलेला स्क्रू तरीही तुमचा नाही.

बहुतेक गाड्या चौथ्या पायरीच्या पुढे जात नाहीत. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी आयडलवरही होते, त्यामुळे साफ थ्रॉटलचा फायदा तिथेही दिसतो.

काल रात्री कोर्समेटला पुन्हा फोन केला. त्याने थ्रॉटल साफ करून घेतलं होतं आणि गाडी बंद पडत नाही म्हणाला. मी विचारलं, "सकाळी थंड गाडी कोण काढतं?"

"बहुतेक वेळा बायको. भाजी आणायला जाते."

"मग तू ठीक आहे म्हणून मला सांगू नकोस," मी म्हटलं. "वहिनींना फोन दे."